लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे, पण कुठली चालेल? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप स्लो झाला की पहिला प्रश्न येतो "रॅम वाढवू का" आणि लगेच दुसरा येतो "ही चालेल का", सोबत कुठल्यातरी स्टिकचा (रॅमच्या सुट्या पट्टीचा) फोटो. आता नुसता स्टिकचा फोटो बघून काय सांगणार, खरं उत्तर लॅपटॉपच्या मदरबोर्डवर असतं. आधी लॅपटॉप तपासा, मग स्टिक शोधा, उलटं केलं की रिटर्नच्या भानगडीत पडायची वेळ येते.

माझ्या लॅपटॉपची रॅम वाढवता तरी येते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी विचारतात. पातळ लॅपटॉपमध्ये आजकाल रॅमच्या चिप्स थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात, स्लॉटच नसतो, तिथे विषय संपला. विंडोज असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली उजवीकडे "फॉर्म फॅक्टर" अशी एक ओळ दिसेल. तिथे "एसओडिम" लिहिलं असेल तर स्लॉट आहे, "रो ऑफ चिप्स" असेल तर जवळजवळ नक्की सोल्डर केलेली. तिथेच "स्लॉट्स यूज्ड" पण दिसतं, पण त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, सोल्डर केलेल्या रॅमलाही विंडोज स्लॉट म्हणून मोजतं, त्यामुळे "८ पैकी ८" वगैरे बघून लोक गोंधळतात की एवढे स्लॉट आले कुठून.

दुसरी खूण म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये डीडीआरच्या (हे रॅमच्या प्रकाराचं नाव, पुढचा आकडा पिढीचा) आधी "एलपी" ही दोन अक्षरं आहेत का ते बघा. एलपीडीडीआर४एक्स, एलपीडीडीआर५ असं काही लिहिलं असेल तर ती रॅम सोल्डर केलेलीच असते (एक नवा अपवाद आहे, तो पुढे येईल). मॅकबुक प्रोमध्ये रॅम बदलता येणारं शेवटचं मॉडेल म्हणजे २०१२ च्या मध्यात आलेलं १३ इंची बिगर-रेटिना, आणि २०२० पासूनच्या ॲपलच्या एम सिरीजमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते. इंटेलने पण २०२४ च्या लूनर लेक प्रोसेसरमध्ये तेच केलं, १६ किंवा ३२ जीबी, जे घ्याल ते कायमचं.

तिसरा प्रकार मधला: थोडी रॅम सोल्डर केलेली आणि वर एक स्लॉट मोकळा. हा प्रकार बराच कॉमन आहे आणि वाईटही नाही. पक्की खात्री हवी असेल तर तुमच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साईटवरून उतरवून घ्या. नेमक्या म्हणजे नेमक्या, पाठीवरच्या स्टिकरवर जो प्रॉडक्ट नंबर असतो तो, कारण एकाच नावाखाली कंपन्या स्लॉटवालं आणि बिनस्लॉटचं अशी दोन्ही मॉडेलं विकतात.

डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ किंवा डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ चालते का?

नाही. बसतच नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२, आणि खालची खाच प्रत्येकाची वेगळ्या जागी. व्होल्टेज पण वेगळं, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. डीडीआर४ आणि ५ मध्ये पिनांचा फरक फक्त दोनचा आहे आणि लांबी सारखीच, त्यामुळे हातात धरल्यावर सारख्याच वाटतात, पण खाच जुळत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटला तर मदरबोर्डचं काम निघतं.

मग मला कुठली लागते हे प्रोसेसरवरून कळेल का?

अर्धवट. प्रोसेसर फक्त सांगतो की काय काय चालू शकतं, त्यातलं नेमकं काय वापरायचं ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. इंटेलचा आय५-६२००यू घ्या, त्याला डीडीआर४ पण चालते आणि डीडीआर३एल पण, त्यामुळे तोच प्रोसेसर असलेल्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगवेगळ्या स्टिका निघतात. इंटेलच्या १२ व्या पिढीत तोच घोळ परत, काहींना डीडीआर४, काहींना डीडीआर५, काहींना सोल्डर केलेली.

एएमडीने तर नावातच कोडं घातलंय. रायझन ५ ७५३०यू ला डीडीआर४ लागते, रायझन ५ ७५३५यू ला डीडीआर५, आणि ७५२०यू असेल तर एलपीडीडीआर५, म्हणजे सोल्डरच. तिघांचीही नावं "रायझन ५ ७०००" म्हणून एकाच रांगेत विकायला ठेवलेली असतात, आणि गिऱ्हाईकाने एक-दोन आकड्यांच्या फरकावरून ओळखावं अशी अपेक्षा. "माझ्याकडे रायझन ५ आहे, कुठली रॅम घेऊ" याचं उत्तर म्हणूनच कुणी देऊ शकत नाही.

सरळ उपाय म्हणजे आत्ता कुठली आहे ते बघणं. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात "मेमरी" टॅबमध्ये प्रकार दिसतो आणि "एसपीडी" टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकची कंपनी, साईज, स्पीड, पार्ट नंबर सगळं दिसतं. लिनक्सवाल्यांना टर्मिनलमध्ये डीएमआयडीकोड हीच माहिती देतो.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल मध्ये काय फरक?

एल म्हणजे कमी व्होल्टेजवाली, १.३५ वर चालणारी. दिसायला दोन्ही सारख्या, खाच पण एकाच जागी, म्हणून इथे चुकीची स्टिक आरामात बसते आणि मग लॅपटॉप चालूच होत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून पुढच्या डीडीआर३ वाल्या लॅपटॉपना साधारणपणे एलच लागते. उलट दिशेने चालतं, एलवाली स्टिक १.५ व्होल्टवर पण काम करते, म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये एल टाकली तर बहुतेक वेळा काही अडचण येत नाही. शंका असेल तर एलच घ्या. लेबलवर पीसी३ च्या पुढे एल आहे का बघायचं, पीसी३एल-१२८०० म्हणजे १६०० स्पीडची डीडीआर३एल.

स्टिकवरच्या लेबलवर जे काय लिहिलेलं असतं ते वाचायचं कसं?

समजा लेबलवर असं आहे: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-एसए२-११.

८जीबी कळलंच. पीसी४ म्हणजे डीडीआर४. ३२०० हा स्पीड. त्याला चिकटलेला "एए" हा लेटन्सीचा, म्हणजे डेटा मागितल्यावर मिळायला होणाऱ्या उशिराचा कोड आहे, तो उशीर सीएल या आकड्यात मोजतात; एए म्हणजे सीएल २२, तसंच २६६६ च्या पुढे "व्ही" असेल तर सीएल १९ आणि २४०० च्या पुढे "टी" असेल तर सीएल १७. पुढच्या "एसए२" मधला एस सगळ्यात कामाचा, एस म्हणजे एसओडिम, लॅपटॉपची. तिथे यू असेल तर ती डेस्कटॉपची साधी स्टिक आणि आर असेल तर सर्व्हरची. बाकीचे आकडे विसरलात तरी चालेल.

कधीकधी ३२०० ऐवजी पीसी४-२५६०० असं लिहिलेलं असतं. घाबरू नका, तीच स्टिक आहे. एका वेळी ८ बाईट जातात म्हणून ३२०० गुणिले ८ बरोबर २५६००, एवढंच. २६६६ चं २१३०० होतं (गोल करून), डीडीआर५ च्या ४८०० चं ३८४००, ५६०० चं ४४८००.

१आरएक्स८ बद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

लॅपटॉपला २४०० ची रॅम आहे, ३२०० ची टाकली तर?

चालते, फक्त २४०० वरच चालते. स्पीड ठरवताना प्रोसेसर, बोर्ड आणि स्टिका यातला सगळ्यात हळू जो असेल त्याच्या चालीने सगळे चालतात. आय५-८२५०यू ची मर्यादा २४०० आहे, तिथे ३२०० टाकून नुकसान काही नाही आणि फायदाही काही नाही, पण २४०० ची नवी मिळत नसेल आणि ३२०० ची सहज मिळत असेल तर बिनधास्त घ्या. उलट, म्हणजे ३२०० च्या लॅपटॉपमध्ये २६६६ ची एक स्टिक टाकली तर दोन्ही २६६६ वर येतील, रोजच्या कामात ते तुम्हाला जाणवणार पण नाही.

गेमिंगची, हीटसिंकवाली (उष्णता घालवणारं धातूचं आवरण असलेली), हाय स्पीड रॅम घेऊ का?

बघून घ्या. यातल्या काही स्टिका जाहिरातीतला स्पीड एक्सएमपी प्रोफाईलवर (स्टिकमध्येच साठवलेल्या जास्त स्पीडच्या सेटिंगवर) गाठतात, आणि बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपीचा पर्यायच नसतो, मग ती स्टिक तिच्या साध्या, स्टँडर्ड स्पीडवर उतरते, जो कधीकधी २१३३ किंवा २४०० इतका कमी असतो. ३२०० चे पैसे देऊन २४०० वापरायची! लॅपटॉपसाठी जेडेक (रॅमची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) ३२०० सीएल २२ आणि १.२ व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेली साधी स्टिक कधीही बरी. जाड हीटसिंक असेल तर ती कव्हरखाली मावते का हा आणखी एक प्रश्न, लॅपटॉपमध्ये तेवढी जागा नसते.

आधीची ८ जीबी ठेवून दुसऱ्या कंपनीची ८ जीबी टाकली तर चालेल?

बहुतेक वेळा चालते. प्रकार तोच, व्होल्टेज तेच आणि स्पीड शक्यतो तोच असेल तर कंपनी वेगळी असल्याने बिघडत नाही, कंपनीतूनच दोन वेगळ्या चिप्स लावून आलेले लॅपटॉप मी पाहिलेत. अगदी क्वचित दोन स्टिकांचं एकमेकींशी पटत नाही, दोघी एकेकट्या छान चालतात आणि जोडीने ठेवल्या की हँग. म्हणून घेताना बदलून मिळेल ना हे विचारून ठेवा. आणि आधीचा पार्ट नंबर सीपीयू-झेडमधून लिहून घेतला तर सेम स्टिक शोधता येते, तो सगळ्यात निर्धोक मार्ग.

४ + ८ असं विषम टाकलं तर ड्युअल चॅनल जातं का?

ड्युअल चॅनल म्हणजे प्रोसेसरने दोन वाटांनी एकाच वेळी रॅमशी बोलणं. ते पूर्ण जात नाही. इंटेलमध्ये याला फ्लेक्स मोड म्हणतात: ४ मधले ४ आणि ८ मधले ४ अशी ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालते आणि उरलेली ४ सिंगलमध्ये. विषम आहे म्हणून मोकळा स्लॉट रिकामा ठेवण्यापेक्षा विषम टाकलेली कितीतरी चांगली. ८ सोल्डर आणि स्लॉटमध्ये १६ असा २४ जीबीचा लॅपटॉप रोजच्या वापराला मस्त चालतो.

१६ ची एक घेऊ का ८ च्या दोन?

दोन स्लॉट असतील तर दोन. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन टाकल्या की ५१.२. वर्ड, ब्राउझर, सिनेमा यात हा फरक फारसा कळत नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर खूप कळतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो हीच रॅम वापरतो. अशा लॅपटॉपमध्ये एकच स्टिक असेल तर दुसरी टाकणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दिसणारा अपग्रेड आहे.

पुढे ३२ करायचा विचार नक्की असेल तर आत्ता १६ ची एक घेऊन थांबणं हेही समजण्यासारखं आहे. आणि "डीडीआर५ ची एकच स्टिक म्हणजे ड्युअल चॅनल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डीडीआर५ मध्ये एका स्टिकच्या आत ३२ बिटांचे दोन भाग असतात हे खरं, पण बेरीज ६४ च होते, दोन स्टिकांची १२८.

कंपनी म्हणते जास्तीत जास्त १६ जीबी, मी ३२ टाकू शकतो का?

कधीकधी हो. लॅपटॉप बाजारात आला तेव्हा ज्या साईजच्या स्टिका मिळत होत्या किंवा कंपनीने टेस्ट केल्या होत्या तेवढाच आकडा ती लिहिते, पुढे मोठ्या स्टिका येतात पण स्पेसिफिकेशनचा कागद कुणी बदलत नाही. इथे प्रोसेसर बनवणाऱ्याच्या साईटवरचा "मॅक्स मेमरी साईज" बघा. प्रोसेसर ३२ म्हणतोय, स्लॉट दोन आहेत आणि त्याच मॉडेलवर लोकांनी ३२ चालवल्याचं दिसतंय, तर करून बघायला हरकत नाही. प्रोसेसरच १६ म्हणत असेल तर तिथे थांबा. साधारण अंदाज असा की डीडीआर३ मध्ये एका स्टिकला ८ जीबी, डीडीआर४ मध्ये ३२, आणि डीडीआर५ मध्ये ४८ आणि ६४ च्या पण आल्यात, पण या मोठ्या सगळ्या बोर्डांना चालतात असं नाही.

विंडोजची पण मर्यादा असते हे जुन्या मशीनवाल्यांनी लक्षात ठेवा. ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर काही उपयोग नाही, आणि विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर थांबतं.

१आरएक्स८, २आरएक्स८, १आरएक्स१६, हे बघावं लागतं का?

नव्या लॅपटॉपमध्ये फार नाही. पहिला आकडा रँकचा (एकत्र काम करणाऱ्या चिप्सचे गट किती), दुसरा चिपच्या रुंदीचा (एक चिप एका वेळी किती बिट देते). एक्स१६ वाल्या स्टिकवर फक्त चार चिप्स दिसतात, ती थोडी हळू असते कारण डीडीआर४ मध्ये एक्स८ चिपमध्ये चार बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे विभाग) असतात आणि एक्स१६ मध्ये दोनच. चॉईस असेल तर एक्स८ घ्या.

जुन्या डीडीआर३ लॅपटॉपमध्ये मात्र बघावंच लागतं. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे लॅपटॉप ८ गिगाबिटची (म्हणजे १ जीबीची) चिप ओळखत नाहीत. ८ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते, ४ गिगाबिटच्या १६ चिप्स लावून किंवा ८ गिगाबिटच्या ८ चिप्स लावून, आणि या जुन्या लॅपटॉपना १६ चिप्सवालीच लागते. प्रकार बरोबर, व्होल्टेज बरोबर, स्पीड बरोबर आणि तरी स्क्रीन काळी, असं असेल तर स्टिकच्या दोन्ही बाजूंच्या चिप्स मोजा.

डेस्कटॉपची रॅम बसेल का?

नाही. ती जवळजवळ दुप्पट लांब असते.

ईसीसी (डेटातल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम स्वस्तात मिळतेय, घेऊ?

नको. इंटेलच्या झिऑन प्रोसेसरवाल्या वगैरे काही वर्कस्टेशन लॅपटॉपना ती चालते, तुमचा तसा असता तर तुम्हाला ते माहीत असतं.

किती जीबी पुरे?

टास्क मॅनेजर उघडा आणि तुमचं रोजचं सगळं काम चालू असताना किती वापर दिसतोय ते बघा. कायम ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवून फरक पडेल. ५० टक्के असेल आणि तरी लॅपटॉप रांगत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे, आणि त्यात जर अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर रॅमचं नाव पण काढू नका, आधी एसएसडी टाका. माझं मत विचाराल तर आज साध्या वापराला १६, व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर ३२, आणि ६४ ज्याला लागते तो हा प्रश्न विचारत नाही.

घरी स्वतः बसवता येते का? काय काळजी घ्यायची?

येते. आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, आणि विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शटडाऊन करा कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीचं शटडाऊन अर्धवट झोपेसारखंच असतं. चार्जर काढा. मागचं कव्हर उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, हे टाळू नका, बॅटरी जोडलेली असताना बोर्डावर वीज असतेच. मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा.

स्क्रू सगळे एकाच लांबीचे नसतात, कुठला कुठून काढला ते मांडून ठेवा. छोट्या जागी लांब स्क्रू पिळला की तो वरच्या बाजूने कीबोर्डजवळ फुगवटा आणतो.

जुनी स्टिक काढताना दोन्ही बाजूंच्या धातूच्या क्लिपा बाहेर ढकलायच्या, स्टिक आपोआप तिरकी वर येते. नवी घालताना पण तिरकीच घालायची, साधारण ३० अंशात, सोनेरी पट्टी जवळजवळ पूर्ण आत जाईपर्यंत, आणि मग सपाट दाबायची म्हणजे क्लिपा टक करून बसतात. सोनेरी पट्टी बरीच बाहेर दिसत असेल तर ती नीट आत गेलेली नाही. सोनेरी भागाला बोटं लावू नका.

बसवली आणि स्क्रीन काळी, गेला का लॅपटॉप?

थांबा. विशेषतः डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू होताना लॅपटॉप मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, मध्येच एकदोनदा आपोआप बंद-चालू पण होतो. पाच-दहा मिनिटं हात लावू नका. तरी काही नाही झालं तर बंद करून, बॅटरी काढून, स्टिक परत नीट बसवा, अर्ध्याअधिक केसेस इथेच सुटतात. मग नवी एकटी लावून बघा, मग जुनी एकटी, मग स्लॉट बदलून. जुनी चालते आणि नवी दोन्ही स्लॉटमध्ये चालत नाही, तर स्टिक परत करा.

१६ टाकली पण १५.४ च वापरता येते असं दाखवतंय, आणि सीपीयू-झेडमध्ये स्पीड १६०० दिसतोय. फसवलं का?

नाही. कमी दिसणारी रॅम ग्राफिक्सने स्वतःसाठी बाजूला ठेवलेली असते, एएमडीच्या काही लॅपटॉपमध्ये तर पूर्ण २ जीबी जाते आणि बायोसमध्ये पर्याय असेल तर ती कमी करता येते. आणि सीपीयू-झेड खरी क्लॉक दाखवतं, डीडीआर एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते, म्हणजे १६०० म्हणजेच ३२००.

नवी रॅम खराब नाही हे कसं तपासायचं?

सर्चमध्ये "विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक" टाईप करा, रीस्टार्ट होऊन टेस्ट होते. ही टेस्ट ठीकठाक आहे, पण सेकंडहँड स्टिक असेल तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी स्टिक नापास, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही, पुढे तीच एखादी फाईल करप्ट करते.

कव्हर उघडलं तर वॉरंटी जाते का?

कंपनीवर आणि देशावर आहे, वॉरंटीचा कागद वाचा किंवा सपोर्टला लेखी विचारा. जुनी स्टिक मात्र वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा, सर्व्हिसला देताना मूळ रॅम लावून दिलेली बरी.

ते कॅम नावाचं नवीन काय आलंय?

डेलने २०२२ मध्ये काही प्रिसिजन लॅपटॉपमध्ये वापरलेला, स्टिकच्या जागी येणारा रॅमचा सपाट मॉड्यूल, त्यावरून पुढे जेडेकने २०२३ च्या शेवटी कॅम२ हे स्टँडर्ड काढलं. त्यातला एलपीकॅम२ हा वर म्हटलेला अपवाद: एलपीडीडीआर असूनही स्क्रूने लावता-काढता येते, लेनोवोच्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत आहे. नेहमीच्या स्टिका त्यात बसत नाहीत आणि ते मॉड्यूल नेहमीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. पसरलं तर सोल्डरवाल्या पातळ लॅपटॉपचं दुखणं कमी होईल, सध्या तरी मोजक्याच मॉडेलमध्ये दिसतंय.

रॅम वाढवली आणि सी ड्राइव्हवरची जागा कमी झाली, हे काय?

हायबरनेटची फाईल, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करायची जी सोय असते तिच्यासाठी राखलेली जागा. ती रॅमच्या साईजवर ठरते, सहसा रॅमच्या ४० टक्के, म्हणून ८ ची ३२ केली की ती पण फुगते. पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाईल) पण थोडी वाढू शकते. हायबरनेट वापरत नसाल तर ते बंद केलं की जागा परत मिळते, फक्त मग फास्ट स्टार्टअप पण बंद होतं.